सिंधुदुर्ग : तट चुन्यावर, वस्ती गोड्या पाण्यावर

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी पाया घातला गेला आणि तीनेक वर्षांत किल्ला उभा राहिला. आवार सुमारे ४८ एकर, तट जवळपास ३ किलोमीटर. पाया शिशात बसवल्याची गोष्ट सगळे सांगतात. चुन्याबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही.

पहाऱ्यापुरता हा किल्ला कधीच नव्हता. १६९५ मध्ये राजाराम महाराजांनी इथे शिवराजेश्वराचं मंदिर बांधलं. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन ‘फोर्ट ऑगस्टस’ असं नाव दिलं, काही काळाने परत केला. १८१२ च्या तहाने करवीरकरांकडून तो कायमचा इंग्रजांकडे गेला. शिबंदी उठली, तरी काही घरं राहिली आणि आजही आहेत. पुढे पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आलं, २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत नावही लागलं. त्यामुळे साधं कौल बदलायचं तरी नियम पाहावे लागतात.

ही घरं टिकली ती दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींमुळे. बेटात मुरलेलं पावसाचं पाणी हलकं, म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगतं. ढोबळ हिशेब असा : गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा १ मीटर वर असेल, तर खाली ४० मीटरपर्यंत गोडं पाणी. म्हणजे पातळी वीतभर उतरली, की खारं पाणी खालून ८-९ मीटर वर चढतं. कातळात भेगांप्रमाणे हे बदलतं, पण मोठा पंप लावणं घातकच. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीजवळ असला, तर आणखी वाईट.

तटाचं दुखणं वेगळं. सांधे सिमेंटने भरले की आतली ओल सांध्यातून सुकत नाही, दगडातूनच बाहेर पडते. वाटेत मीठ पृष्ठभागाखाली साचतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सिमेंट शाबूत, दगड खचलेला, असं ते दृश्य. उपाय जुनाच : विरवलेला (पाण्यात मुरवलेला) चुना १ भाग, वाळू ३ भाग, आणि सांधा लगेच सुकू नये म्हणून वरून ओली गोणपाटं. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने सावकाश घट्ट होतो, म्हणून पावसाआधी पुरेसे आठवडे हाताशी हवेत. सांध्यात उगवलेला पिंपळ वरवर तोडला तर दुप्पट फुटतो. मूळ मारल्याशिवाय सांधा भरू नये.

वाळू मात्र समुद्राची नको, धुतलेली हवी. आणि ती किल्ल्यात धुवायची नाही, कारण ते पाणी त्या तीन विहिरींतूनच उपसावं लागेल. मालवणात धुवून, गोण्या भरून होडीत चढवायची.