ऑडिबलचं क्रेडिट आणि लिब्रोचं क्रेडिट

न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या आमच्या वाचन गटात एका काकूंनी परवा विचारलं, "अगं, ते लिब्रो म्हणजे लायब्ररीचंच ना? फुकटवालं?" शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "छे, ते ऑडिबलसारखंच. महिन्याला पंधरा डॉलर." नावांचा घोळ होणं साहजिक आहे. लिबी, लिब्रो, ऑडिबल या तिन्हींवर पुस्तकं ऐकता येतात आणि तिन्हींची चित्रं फोनवर एका ओळीत बसलेली असतात.

लिबीचा गुंता आधी सोडवू, तो सोपा आहे. ओव्हरड्राइव्ह कंपनीचं हे ॲप लायब्ररी कार्डावर चालतं. पुस्तक ठरावीक दिवसांसाठी मिळतं आणि मुदत संपली की आपोआप परत जातं. मागणी असलेल्या पुस्तकाला नंबर लावावा लागतो, कारण लायब्ररीनं जितके परवाने घेतले असतील तितक्याच जणांना ते एका वेळी ऐकता येतं. पैसे लायब्ररी भरते, म्हणजे फिरून आपल्याच करातून. यात पुस्तकांच्या दुकानाचा कुठेच संबंध येत नाही.

खरी गफलत होते ती ऑडिबल आणि लिब्रो डॉट एफएम यांच्यात. अमेरिकेत ऑडिबलची एक क्रेडिटवाली मासिक वर्गणी बरीच वर्षं १४.९५ डॉलर आहे आणि लिब्रोची १४.९९. फरक चार सेंटचा. दोन्हीकडे महिन्याला एक क्रेडिट मिळतं आणि एका क्रेडिटला एक पुस्तक, मग ते सहा तासांचं असो की चाळीस तासांचं. बहुतेक पुस्तकांचं ध्वनिमुद्रण प्रकाशकच करून घेतो आणि सगळ्या विक्रेत्यांना देतो, त्यामुळे वाचणारा आवाजही तोच. ऐकताना तुम्ही कुठून घेतलंत हे ओळखताच येणार नाही.

मग फरक कुठे? प्रकाशकाचा वाटा (लेखकाचं मानधन त्यातूनच जातं) बाजूला गेल्यावर विक्रेत्याच्या हातात जे उरतं, त्याचं पुढे काय होतं, तिथे.

ऑडिबल १९९५ मध्ये डॉन कॅट्झ यांनी सुरू केलं. १९९७ साली त्यांनी खिशात मावणारा प्लेअर काढला. त्यात जेमतेम दोन तासांचं ऐकणं मावायचं, आणि आयपॉड यायला तेव्हा अजून चार वर्षं होती. कल्पना काळाच्या पुढची होती, हे मानायलाच हवं. २००८ मध्ये ॲमेझॉननं सुमारे ३० कोटी डॉलरला कंपनी विकत घेतली. कचेरी आजही नेवार्कला आहे, एडिसनहून ट्रेननं तासाभराच्या आत. म्हणजे आमच्यासाठी खरी 'स्थानिक' कंपनी तीच म्हणायची! पण तिथे खर्चलेल्या क्रेडिटवरचा विक्रेत्याचा नफा ॲमेझॉनच्याच घरात राहतो.

लिब्रो सिॲटलचं, म्हणजे खुद्द ॲमेझॉनच्या गावचं. कंपनीची मालकी कर्मचाऱ्यांकडे आहे. खातं उघडताना तुम्ही एक स्वतंत्र पुस्तक-दुकान निवडायचं. कोपऱ्यावरचं निवडा, नाहीतर मुलगी शिकायला गेली त्या गावातलं. त्यानंतरच्या खरेदीवर लिब्रोला जो नफा होतो त्यातला वाटा त्या दुकानाला जातो. तुम्हाला वेगळा आकार पडत नाही आणि दुकान पुढे बदलताही येतं. अनेक दुकानांत गल्ल्याशेजारी याचं छोटं कार्ड ठेवलेलं असतं. बहुतेक जण ते बुकमार्क समजून उचलतात. मीही तसंच उचललं होतं आणि महिनाभर एका कादंबरीत ठेवून दिलं होतं.

हा वाटा किती, याबद्दल मात्र भाबडं राहू नये. अमेरिकेत दुकानाला छापील पुस्तकावर साधारण ४० टक्के किंवा थोडी जास्त सवलत मिळते. तीस डॉलरच्या पुस्तकामागे बारा-तेरा डॉलर, आणि भाडं, पगार, वीज सगळं त्यातूनच. ऑडिओबुकात विक्रेत्याच्या नफ्याचे आधी दोन भाग होतात, तेव्हा दुकानाच्या हाती पडणारी रक्कम त्यामानानं लहानच. पण या रकमेसाठी दुकानाला माल भरावा लागत नाही, न खपलेल्या प्रती परत पाठवाव्या लागत नाहीत, की फळीवर जागा अडत नाही. आणि जो माणूस हल्ली फक्त गाडी चालवताना 'वाचतो', तो एरवी दुकानाला पूर्ण मुकलेलाच असतो. माझ्या मते या योजनेतली मोलाची गोष्ट हीच. आता पुस्तक ऐकायचं की हातात घ्यायचं, हा वाद तुम्ही घाला, मी त्यात पडत नाही.

दुसरा फरक पैशाचा नाही, फाइलचा आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. ऑडिबलच्या फाइलला डीआरएमचं डिजिटल कुलूप असतं. ती त्यांच्या ॲपमध्ये किंवा त्यांना मान्य असलेल्या उपकरणांवरच चालते. अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यानुसार असं कुलूप फोडणं, स्वतः विकत घेतलेल्या पुस्तकाचं असलं तरी, अडचणीत आणू शकतं. लिब्रोवरून घेतलेलं पुस्तक साध्या एमपीथ्री फाइलींच्या रूपात उतरवून घेता येतं. झिप उघडली की फोल्डरमध्ये ट्रॅक ओळीनं मांडलेले दिसतात, गाण्यांच्या सीडीसारखे. लॅपटॉपवर ठेवा, जुन्या फोनवर टाका, उद्या लिब्रो बंद पडलं तरी फाइल तुमच्याजवळ. कोरी डॉक्टरो हे लेखक या कुलपाच्या इतके विरोधात आहेत की त्यांची ऑडिओबुकं ऑडिबलवर मिळतच नाहीत, लिब्रोवर मिळतात.

क्रेडिटचीही एक बारीक मेख आहे. ऑडिबलवर न वापरलेलं क्रेडिट वर्षभरानं बाद होतं, आणि वर्गणी बंद करताना शिल्लक क्रेडिटं आधी वापरून टाकावी लागतात. लिब्रोवरची क्रेडिटं तशीच पडून राहतात. आरंभशूर श्रोत्यांना (आम्ही सगळे) हे सोयीचं.

तरी ऑडिबल सोडायचं का? सरसकट नाही. काही पुस्तकं फक्त ऑडिबलवरच असतात, त्यांचे हक्कच तसे घेतलेले असतात. ती लिब्रोवर शोधून उपयोग नाही. रात्री किंडलवर वाचत थांबलात तिथूनच सकाळी गाडीत ऐकायचं, ही सोयही तिकडची. शिवाय वर्गणीत क्रेडिट न घालवता ऐकण्यासारखा एक साठा मिळतो. या गोष्टींची सवय लागलेल्याला लिब्रो थोडं ओकंबोकं वाटेल. स्पॉटिफायच्या प्रीमियममध्ये अमेरिकेत २०२३ पासून महिन्याला पंधरा तास ऑडिओबुकं मिळू लागली. ते तास ऐकून संपवायचे. त्यात पुस्तक आपलं होत नाही.

काकूंचा पुढचा प्रश्न ठरलेला होता, "आणि मराठी?" मराठी ऑडिओबुकांची सवय आपल्यातल्या अनेकांना लागली ती २०१७ मध्ये स्टोरीटेल भारतात आल्यावर. पण तो कारभार महिन्याची वर्गणी भरा आणि हवं तितकं ऐका असा, मधे दुकानच नाही. मराठी पुस्तकासाठी दादरच्या दुकानाला चार पैसे मिळावेत असं वाटत असेल, तर सुट्टीत बॅगेत जागा ठेवून जाणं हाच माझा अजूनचा मार्ग.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. नंबर लावायची तयारी असलेल्या पुस्तकांसाठी लिबी ठेवायचं, असं त्यांचं ठरलं. पुन्हा पुन्हा ऐकण्याजोग्या पुस्तकांसाठी ऑडिबल की लिब्रो यावर मात्र गाडी अडली. इतका वेळ कोपऱ्यात चहा पीत बसलेले काका तेव्हा पहिल्यांदा बोलले. त्यांच्या जुन्या कोरोलाला ब्लूटूथ नाही, यूएसबीचं भोक तेवढं आहे.

"त्यातलं कुठलं पेनड्राइव्हवर घेता येतं?"

काकूंनी तिथेच फोन काढला आणि दुकान निवडायला घेतलं.