निवडणूक वर्षातील संसद (भारत)

सार्वत्रिक निवडणुकीच्या वर्षातील भारतीय संसदेचे कामकाज. ‘निवडणूक वर्ष’ ही संज्ञा संविधानात नाही. ती वृत्तपत्रांतून रूढ झाली असावी. अनुच्छेद ८३(२) प्रमाणे लोकसभेची मुदत पहिल्या बैठकीसाठी नेमलेल्या दिनांकापासून पाच वर्षे असते आणि ती संपली की सभागृह आपोआप विसर्जित होते. (४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये ही मुदत सहा वर्षे केली, ४४ व्या दुरुस्तीने ती पुन्हा पाचवर आणली.) व्यवहारात बहुधा त्याआधीच निकाल लागतो आणि मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राष्ट्रपती जुनी लोकसभा विसर्जित करतात. सतराव्या लोकसभेची शेवटची बैठक १० फेब्रुवारी २०२४ रोजी झाली, विसर्जन ५ जूनला आणि अठराव्या लोकसभेची पहिली बैठक २४ जूनला. मधले जवळजवळ चार महिने लोकसभा कायद्याने होती, पण बसली नाही. निवडणूक आचारसंहिता संसदेला अधिवेशन घेण्यास मनाई करत नाही. या काळात अधिवेशन न भरवणे हा केवळ रिवाज आहे.

विधेयकांचे व्यपगत होणे (कायदा न होताच संपणे) : या वर्षातील सर्वांत गुंतागुंतीचा आणि सर्वांत कमी समजून घेतला गेलेला भाग. नियम अनुच्छेद १०७ मध्ये आहे. सत्रसमाप्तीने, म्हणजे अधिवेशन औपचारिकपणे संपवल्याने, कोणतेही विधेयक जात नाही. विसर्जनाच्या वेळी लोकसभेत प्रलंबित असलेले, तसेच लोकसभेने संमत केलेले पण राज्यसभेत अडकलेले विधेयक व्यपगत होते. राज्यसभेत मांडलेले व लोकसभेने अद्याप संमत न केलेले विधेयक राज्यसभेत असेपर्यंत टिकते. ते संमत होऊन लोकसभेकडे गेले की मात्र तेथील प्रलंबित विधेयक ठरते आणि विसर्जनाबरोबर संपते.

नियमाचा उगम दोन प्रकारे सांगता येतो. पहिला धागा इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत जातो. राजा वारला की पार्लमेंटही संपते, अशी तेथील जुनी समजूत होती. ती कोणत्या ना कोणत्या रूपात १८६७ च्या कायद्यापर्यंत टिकली. संपलेल्या सभागृहाचे अर्धे काम नव्या सभागृहावर लादायचे नाही, हा विचार त्यातूनच आला असावा. दुसरा धागा जवळचा आहे : अनुच्छेद १०७ ची ही शब्दरचना १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या कलम ३० शी अगदी मिळतीजुळती आहे. हा दुसरा उगम अधिक पटणारा वाटतो. कारण इंग्लंडच्या परंपरेत सत्रसमाप्तीबरोबरही विधेयके संपत (अलीकडे काही विधेयके पुढील सत्रात नेण्याची सोय झाली आहे), तर आपल्याकडे ती टिकतात, आणि हा फरक १९३५ च्या कायद्यातच दिसतो. त्या कायद्यातील संघीय विधिमंडळ प्रत्यक्षात कधी स्थापन झाले नाही, त्यामुळे केंद्रात या तरतुदीची कसोटी स्वातंत्र्यानंतरच लागली.

सर्वोच्च न्यायालयानेही पुरुषोत्तमन नंबूदिरी विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात इंग्लंडची प्रथा जशीच्या तशी लागू करण्यास नकार दिला. केरळ विधानसभेने जून १९५९ मध्ये संमत केलेले कृषिसंबंध विधेयक राष्ट्रपतींच्या अनुमतीसाठी राखून ठेवलेले असताना ३१ जुलै १९५९ रोजी विधानसभा विसर्जित झाली. अनुमतीच्या प्रतीक्षेतील विधेयक विसर्जनाने व्यपगत होत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. राज्यांसाठीचा अनुच्छेद १९६ आणि संसदेचा अनुच्छेद १०७ एकाच धाटणीचे असल्याने हे तत्त्व संसदेलाही लागू मानले जाते.

विधेयक कोणत्या सभागृहाच्या दारातून आत आले, यावर त्याचे आयुष्य किती अवलंबून असते हे महिला आरक्षण विधेयकात स्पष्ट दिसते. १९९६, १९९८ आणि १९९९ मध्ये ते लोकसभेत मांडले गेले व तिन्ही वेळा विसर्जनाबरोबर गेले. २००८ मध्ये ते राज्यसभेत मांडले, म्हणून २००९ च्या निवडणुकीतून वाचले. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेने ते संमत केले. लोकसभेत मात्र चार वर्षे पडून राहिले आणि २०१४ मध्ये संपले. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये नवे विधेयक आणावे लागले. लोकपाल विधेयकाची गत याच्या उलट बाजूने तीच : १९६९ मध्ये लोकसभेने संमत केलेले विधेयक राज्यसभेत असताना २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा विसर्जित झाली. एका सभागृहाची सारी मेहनत अशी वाया जाणे ही या नियमाची खरी किंमत आहे. सोळाव्या लोकसभेबरोबर तिने संमत केलेली २२ विधेयके व्यपगत झाली, तेव्हा राज्यसभेचे सभापती वेंकय्या नायडू यांनी २०१९ मध्ये या तरतुदीचा फेरविचार सुचवला. तो विचार सयुक्तिक आहे. तरतूद मात्र अद्याप तशीच आहे.

अनुच्छेद १०८(५) मध्ये एक अपवाद आहे. विधेयकावर मतभेद झाल्यास दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावण्याचा हेतू राष्ट्रपतींनी विसर्जनापूर्वी अधिसूचित केला असेल तर विधेयक वाचते. आजवरच्या तीन संयुक्त बैठकांपैकी (१९६१, १९७८, २००२) एकीलाही या अपवादाचा आधार घ्यावा लागला नाही.

लेखानुदान : १ एप्रिलनंतरचा खर्च भागवण्यासाठी अनुच्छेद ११६ खाली लोकसभा काही महिन्यांपुरती रक्कम मंजूर करते. निवडणूक वर्षात त्यासोबत ‘अंतरिम अर्थसंकल्प’ मांडला जातो. हे नावही संविधानातले नाही. २०२४ मध्ये अंतरिम अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला आणि पूर्ण अर्थसंकल्प २३ जुलैला आला. जाणाऱ्या सरकारने मोठे करबदल करू नयेत हा संकेत अलिखित आहे आणि नेहमी पाळला जातोच असे नाही : २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात पाच लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला पूर्ण सूट आणि शेतकऱ्यांना वर्षाला सहा हजार रुपयांची योजना जाहीर झाली होती.

अभिभाषण व अध्यक्ष : अनुच्छेद ८७ प्रमाणे वर्षातील पहिल्या सत्राला आणि निवडणुकीनंतरच्या पहिल्या सत्राला राष्ट्रपती अभिभाषण करतात. त्यामुळे २०२४ मध्ये ते दोनदा झाले, ३१ जानेवारी आणि २७ जूनला. लोकसभा विसर्जित झाली तरी अध्यक्ष नव्या सभागृहाच्या पहिल्या बैठकीच्या लगतपूर्वीपर्यंत पदावर राहतात.

राज्यसभा : ती कायम सभागृह असल्याने लोकसभा नसताना राष्ट्रपती राजवटीसारख्या उद्घोषणांना मान्यता देऊ शकते. असे दोनदा घडले : १९७७ मध्ये तमिळनाडू व नागालँडसाठी, आणि जून १९९१ मध्ये हरयाणासाठी.