बृहदांत्रदर्शन : खर्च व खासगी आरोग्यविमा, नाशिक

गुदद्वारातून लवचिक दुर्बीण सरकवून मोठे आतडे उंडुकापर्यंत, म्हणजे त्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंत, पाहण्याची तपासणी. नाशिकमध्ये बोलण्यात ‘कोलोनोस्कोपी’ किंवा नुसतेच ‘दुर्बिणीची तपासणी’.

या तंत्राचे जनकत्व वादग्रस्त आहे. बॅझिल हिर्शोविट्झ यांची काचतंतूंची जठरदुर्बीण १९५७ च्या सुमारास पुढे आली. बर्गाइन ओव्हरहोल्ट यांनी १९६० च्या दशकात आतड्याच्या शेवटच्या भागासाठी लवचिक दुर्बीण वापरली. प्रोव्हेंझाले व रेविन्यास यांनी सार्डिनियात बहुधा १९६५ मध्ये उंडुक गाठले. त्यासाठी रुग्णाने आधी एक बारीक नळी गिळायची, ती गुदद्वारातून बाहेर आली की तिच्या आधाराने दुर्बीण वर ओढायची, अशी त्यांची रीत होती. जपानी संशोधकांचाही या श्रेयावर हक्क सांगितला जातो. तथापि न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ व हिरोमी शिन्या यांनी १९६९ मध्ये दुर्बिणीतूनच मांसांकुर, म्हणजे पॉलिप, फासाने कापून काढला. आतडे केवळ पाहण्याऐवजी तेथेच उपचार करता येऊ लागल्याने त्यांना अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते.

पाहणे आणि उपचार करणे हाच भेद विम्याच्या दाव्यातही निर्णायक ठरतो. भारतीय पॉलिसींतील प्रमाणित अपवाद (म्हणजे विम्यातून वगळलेला खर्च) क्र. ४ नुसार मुख्यतः निदानासाठी दाखल झाल्याचा खर्च मिळत नाही. निफाड-सुरगाण्याकडून येणारा रुग्ण आतडे साफ करणारे जुलाबाचे औषध घेऊन रात्री प्रवास करू शकत नाही, म्हणून आदल्या संध्याकाळीच दाखल होतो. त्याचे हाल खरे असतात, पण एवढ्याने निदान हे उपचार ठरत नाही. पॉलिप काढला तर मात्र तो २४ तासांहून कमी मुक्कामाचा ‘डे-केअर’ उपचार म्हणून दाव्यास पात्र ठरू शकतो. तपासणीतून निष्पन्न झालेल्या आजारासाठी पुढे दाखल व्हावे लागले, तर आधीचा खर्च ‘दाखल होण्यापूर्वीचा खर्च’ म्हणून मागता येतो. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत असा खर्च दाखल होण्याआधीच्या ३० दिवसांपर्यंतचा मिळतो, व मंजूर रकमेचा ५ टक्के वाटा रुग्णाचा असतो. त्यामुळे पावती व डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवणे फार महत्त्वाचे.

बिलात डॉक्टरांची फी, भूल, आतडे साफ करण्याचे औषध व कक्षाचे शुल्क येते. बायोप्सी घेतल्यास प्रयोगशाळेचे बिल बहुधा वेगळे असते. म्हणून ‘पॉलिप निघाला तर किती?’ हे आधीच विचारून लेखी अंदाजपत्रक घ्यावे.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील समूह विम्यात बाह्यरुग्ण खर्चाची सोय असेल, तर निव्वळ तपासणीचाही खर्च त्यातून निघू शकतो. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत प्रतिबंधक आरोग्य तपासणीसाठी, आरोग्यविम्याच्या वजावटीच्या एकूण मर्यादेतच, ५,००० रुपयांपर्यंत वजावट आहे.

कॅशलेस पूर्वमंजुरीवर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यावा, असे विमा नियामक ‘इर्डाई’चे २०२४ चे परिपत्रक सांगते. दावा नाकारल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार व नंतर विमा लोकपाल, असा क्रम आहे. नाशिककरांसाठी हे कार्यालय पुण्यात असून तेथे शुल्क लागत नाही.