निळ्या जोडीची पिल्लं निळीच का निघत नाहीत

मागच्या पावसाळ्यात आमच्या खुराड्यात एक निळी जोडी आली. निळी म्हणजे आकाशासारखी नाही, पाटी ओल्या फडक्याने पुसल्यावर वाळताना दिसते ना, तसला करडा निळा, आणि पिसाच्या कडेला जरा गडद काठ. विकणारा म्हणाला दोन्ही निळे आहेत, पिल्लं निळीच निघणार. खुडुक कोंबडीखाली आठ अंडी बसवली, सात फुटली, चार निळी, दोन काळी आणि एक मळकट पांढरं. घरात लगेच निकाल लागला की शेजारचा काळा कोंबडा कुंपणावरून आला असणार.

पण त्या पांढऱ्या पिल्लाचा बाप तरी शेजारचा काळा कोंबडा नव्हे, हे मी खात्रीने सांगू शकतो, आणि ते कसं हेच इथे लिहितोय.

कोंबडीच्या पिसात मुळात रंगद्रव्यं दोनच, एक काळं ते युमेलॅनिन आणि दुसरं तांबूस-सोनेरी ते फिओमेलॅनिन. लाल, बदामी, काबरी, पट्ट्यापट्ट्यांची, ठिपक्यांची, सगळ्या कोंबड्या या दोनांतूनच होतात. कुठलं द्रव्य किती बनवायचं, कुठे टाकायचं, कधी थांबायचं हे वेगवेगळे जीन ठरवतात आणि प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून एक बापाकडून. निळा हा वेगळा रंगच नाही, तो पातळ केलेला काळा आहे. पातळ करणाऱ्या जीनची एकच प्रत असली की काळ्याचा निळा होतो, दोन प्रती आल्या की जवळजवळ पांढरा होतो आणि त्यावर शाई उडाल्यासारखे गडद शिंतोडे दिसतात, याला स्प्लॅश म्हणतात. एकही प्रत नसली की पक्षी काळा. म्हणजे निळा पक्षी हा कायम अर्धा-अर्धाच असतो. निळा आणि निळी लावली की सरासरी चारात एक काळं, दोन निळी, एक स्प्लॅश. स्प्लॅश पिल्लाला आईकडून एक आणि बापाकडून एक प्रत यावीच लागते, काळ्या कोंबड्याकडे द्यायला ती नसतेच. आमचं मळकट पांढरं पिल्लू स्प्लॅशच, म्हणून शेजारचा कोंबडा सुटला.

गंमत बघा, स्पेनच्या अँडालुसिया भागाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अँडालुशियन कोंबड्या पाळणारे लोक इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं याच गोष्टीने वैतागलेले होते. दरवेळी चांगल्यातली चांगली निळी जोडी निवडायची, काळी आणि स्प्लॅश पिल्लं खराब माल म्हणून काढून टाकायची, तरी पुढच्या वर्षी पुन्हा निम्मी पिल्लं वाया. त्यांना वाटायचं आपली निवड अजून कडक हवी. केंब्रिजचे विल्यम बेटसन आणि रेजिनाल्ड पनेट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे कोडं मेंडेलच्या नियमाने, म्हणजे वाटाण्यांवरच्या प्रयोगांतून निघालेल्या आनुवंशिकतेच्या नियमाने, सोडवलं, कितीही निवडा, निळा शुद्ध होऊच शकत नाही. आणि शंभर टक्के निळी पिल्लं हवी असतील तर फेकून दिलेली ती काळी आणि स्प्लॅशच एकमेकांना लावा! काळ्याकडून शून्य प्रती, स्प्लॅशकडून नक्की एक, सगळी निळी. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वहीत चौकटी काढून तीनदा तपासलं होतं.

बेटसनने 1902 मध्येच कोंबड्यांच्या तुऱ्यावरचे प्रयोग छापले होते, मेंडेलचे नियम वाटाण्यापलीकडे प्राण्यांनाही लागू पडतात याचे ते अगदी सुरुवातीचे पुरावे. कोंबडी यासाठी भारी प्राणी आहे, एकवीस दिवसांत पिल्लं हातात आणि गुण डोळ्यांना दिसणारे.

आता यात एक फसगत आहे. निळ्यासारखाच दिसणारा दुसरा एक रंग असतो, लॅव्हेंडर. नुसतं बघून नवख्याला फरक कळत नाही, पण आतली यंत्रणा पूर्ण वेगळी आहे. लॅव्हेंडरमध्ये मेलॅनोफिलिन नावाच्या प्रथिनाचा जीन बिघडलेला असतो, हे प्रथिन रंगाचे कण पेशीच्या आत वाहून न्यायच्या कामात असतं, ते नीट झालं नाही की कण गोळा होऊन बसतात आणि पीस फिकट दिसतं. (माणसातही याच जीनच्या बिघाडाने केस चंदेरी होतात, फार दुर्मिळ आहे पण होतं.) हा गुण मागे राहणारा आहे, दोन प्रती असल्याशिवाय दिसत नाही, त्यामुळे लॅव्हेंडर जोडीची पिल्लं सगळी लॅव्हेंडरच. म्हणजे ओळखायचं असेल तर काळ्या पक्ष्याबरोबर लावून बघायचं. निळा असेल तर साधारण निम्मी पिल्लं निळी येतील, लॅव्हेंडर असेल तर सगळी काळी, मात्र तो गुण पोटात घेऊन फिरणारी. फोटो बघून खरेदी करणाऱ्यांनी निदान एवढं तरी लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं, कारण दोन्हींचे फोटो सारखेच दिसतात.

पट्ट्यांची गोष्ट मला सगळ्यात आवडते. बार्ड प्लायमाउथ रॉक या पट्टेवाल्या जातीचं एक पीस हातात घेऊन बघा, काळा पट्टा, पांढरा पट्टा, परत काळा. पीस टोकाकडून आधी तयार होतं आणि मुळाकडून बाहेर ढकललं जातं, म्हणजे तो पट्ट्यांचा क्रम हा चक्क दिवसांचा हिशोब आहे. यातला जीन पेशींच्या वाढीला ब्रेक लावणारा आहे, माणसात तोच बिघडला की मेलॅनोमा या कातडीच्या कॅन्सरचा धोका वाढतो. पट्टेवाल्या कोंबडीत त्याचं काम जरा बदललेलं असतं, रंग बनवणाऱ्या पेशी लवकर पिकतात आणि संपतात, तेवढ्या काळात पीस पांढरं वाढतं, मग मुळातून नवा घाणा येतो, पुन्हा काळं. पिसं सावकाश वाढणाऱ्या जातीत पट्टे रेखीव येतात, भराभर वाढणाऱ्यांत धूसर, ते यामुळेच.

आणि हा जीन बसलाय झेड क्रोमोझोमवर, म्हणजे नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर. माणसात मुलगा की मुलगी हे बापाच्या क्रोमोझोमवर ठरतं, कोंबड्यांत उलटं, नराकडे दोन झेड आणि मादीकडे एक झेड एक डब्ल्यू, म्हणजे ठरवते आई. कोंबडी आपला एकमेव झेड फक्त मुलांना देते, मुलींना झेड मिळतो तो बापाचाच. आता रोड आयलंड रेड कोंबडा घ्या आणि त्याला बार्ड रॉक कोंबड्या लावा. पिल्लं सगळी काळी, पण ज्यांच्या डोक्यावर पांढरा ठिपका ते नर, कारण आईचा पट्ट्याचा जीन त्यांच्याकडेच गेला, आणि ठिपका नसलेल्या त्या पुढे अंडी देणाऱ्या तलंगा. पहिल्याच दिवशी कळतं! मात्र जोडी उलटी लावली, म्हणजे कोंबडा पट्ट्याचा आणि कोंबड्या लाल, की मुलगे-मुली सगळ्यांना पट्टे, ओळख गेली. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये धान्याची टंचाई असताना, अंड्यांच्या धंद्यात नर पिल्लांना दाणा घालत बसू नये म्हणून अशा रंगांच्या क्रॉसने पिल्लं ओळखा असं सुचवणारा माणूस हाच पनेट.

आपल्याकडे रंगाचा प्रश्न निघाला की विषय कडकनाथवर जातो. झाबुआचा कडकनाथ, 2018 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेला. इथे लोक पीस आणि कातडी यात गल्लत करतात. कडकनाथची कातडी, मांस, हाडांवरचं आवरण काळं असतं ते एका वेगळ्याच बदलामुळे, 20 नंबरच्या क्रोमोझोमचा एक तुकडा जास्तीचा झालाय आणि त्यात रंगपेशींना वाढ म्हणून सांगणारा जीन आहे. हाच बदल चीनकडच्या सिल्कीमध्येही आहे, आणि सिल्की पिसांनी पांढरीशुभ्र असली तरी कातडीने काळी. उलट ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प बाहेरून काळाकुळकुळीत आणि आतून गोरा. काळी पिसं बघून कडकनाथचा भाव देणाऱ्यांनी पिसं बाजूला करून कातडी बघावी, जीभ बघावी.

यातही झेड आडवा येतो बरं का. कातडीचा काळेपणा दाबून टाकणारा एक जीन झेडवर असतो. बेटसन आणि पनेटने सिल्की कोंबडा ब्राउन लेगहॉर्न कोंबडीला लावला तर मुली गडद काळ्या कातडीच्या आल्या आणि मुलगे फिकट, जोडी उलटी केली तर मुलगे-मुली सगळेच फिकट. दाबणारा जीन लेगहॉर्न आईने फक्त मुलांना दिला म्हणून. म्हणजे क्रॉस करताना बाप कुठला आणि आई कुठली याने सगळा निकाल बदलतो, आणि आपल्याकडे बरेच जण हेच लिहून ठेवत नाहीत.

लिहून ठेवण्यावरून, दोन गोष्टी मी चुकून शिकलो. एक, कोंबडा बदलला तरी जुन्या कोंबड्याचं वीर्य कोंबडीच्या शरीरात दोन-तीन आठवडे टिकतं, त्यामुळे तीन आठवड्यांची अंडी खाण्यात काढा आणि मगच बसवायला ठेवा, नाहीतर बाप कोण हे कळणारच नाही. दुसरं, चार-सहा पिल्लांवरून निष्कर्ष काढू नका. निळ्या जोडीची आठ पिल्लं निघाली आणि त्यात एकही स्प्लॅश नाही, असं साधारण दहातल्या एका वेळी नुसत्या योगायोगाने होतं. पायात रंगीत रिंग आणि वहीत तारीख, एवढंच लागतं.

सध्या माझा प्रश्न एका पांढऱ्या कोंबडीचा आहे. पांढरा म्हणजे रंग नसणं नव्हे, बऱ्याचदा ते रंगावर टाकलेलं पांघरूण असतं. व्हाइट लेगहॉर्नचा पांढरा जोरकस, एक प्रत असली तरी काळा झाकतो, व्हाइट वायनडॉटचा पांढरा मागे राहणारा, त्याला दोन प्रती लागतात. दोघांचा क्रॉस केला तर पहिली पिढी पांढरीच, पण त्यांच्या पिल्लांत सोळात तीन या हिशोबाने रंगीत निघतात, जी आजी-आजोबांत कुठेच दिसत नव्हती. ही कोंबडी बाजारातून आली, आईबाप माहीत नाहीत, म्हणून तिला पिढ्यान्पिढ्या काळ्याच निघालेल्या घराण्यातला काळा कोंबडा लावलाय. सगळी पिल्लं पांढरी आली तर जोरकस पांढरा दोन प्रतींचा, निम्मी आली तर एका प्रतीचा, सगळी रंगीत आली तर तो मागे राहणारा. अकरा अंडी खाली आहेत, आज चौदावा दिवस, काल रात्री टॉर्चवर बघितलं तर नऊ अंड्यांत हालचाल होती.