वादळात जहाज उलटत नाही, पण थांबलं तर?

२३ मार्च २०१९. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून दक्षिणेला स्टाव्हांगरकडे निघालेलं ‘व्हायकिंग स्काय’ हे क्रूझ जहाज हुस्टाडविका या बदनाम पट्ट्यात शिरलं, तेव्हा वारा ताशी ८५ किलोमीटरच्या आसपास होता आणि लाटा नऊ-दहा मीटरच्या. जहाज अवघं दोन वर्षांचं, २२८ मीटर लांब. त्यावर ९१५ प्रवासी आणि ४५८ कर्मचारी. दुपारी दोनला दोन मिनिटं कमी असताना त्याची चालू असलेली सगळी इंजिनं बंद पडली. लगोलग कप्तानाने ‘मेडे’चा, म्हणजे जिवावर बेतल्याचा आणि तातडीने मदत मागणारा संदेश धाडला. किनाऱ्याचे खडक जवळ होते आणि वारा नेमका त्याच दिशेने लोटत होता.

आत काय चाललं होतं ते प्रवाशांनी मोबाइलवर टिपलेल्या चित्रफितींत दिसतं. जड खुर्च्या, कुंड्या, कपाटं दिवाणखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरताहेत, छताचे पत्रे निखळून पडताहेत. लोकांना जमवलं होतं त्यांतल्या एका ठिकाणी तर दार फुटून समुद्राचं पाणी आत घुसलं. ते पाहताना कोणालाही वाटेल की आता हे जहाज आडवं होणार. ते झालं नाही, आणि होण्याची खरी भीतीही नव्हती. भीती वेगळीच होती.

आधी उलटण्याचं पाहू. पाण्याखाली सहा-सात मीटर आणि वर मजल्यांवर मजले, असं हे ध्यान उभं राहतं कसं? इंजिनं, इंधन, पाण्याच्या टाक्या असं सगळं वजनदार सामान अगदी तळाशी असतं. वरचे मजले भलेमोठे दिसले तरी त्यात हवाच जास्त. त्यामुळे गुरुत्वमध्य दिसतो त्यापेक्षा बराच खाली राहतो. जहाज एका अंगाला कललं की त्या अंगाचा जास्त भाग पाण्यात जातो, आणि पाण्याचं वर ढकलणारं प्लावक बल त्या बाजूला सरकतं. वजन एका रेषेत खाली ओढतं, पाणी दुसऱ्या रेषेत वर ढकलतं, आणि या ओढाताणीत जहाज पुन्हा सरळ होतं.

हा हिशेब वजन जागच्या जागी राहील हे गृहीत धरून केलेला असतो. तो बिघडला की काय होतं ते मुंबईकरांनी आणि कोकणवासीयांनी भोगलं आहे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटेने कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले, आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. आजच्या क्रूझवर सगळे प्रवासी एका कठड्याशी आले तरी जहाज थोडंसंच कलेल, एवढी सोय आराखड्यातच करून ठेवलेली असते.

गंमत म्हणजे जहाज फार स्थिर करूनही चालत नाही. गुरुत्वमध्य खूपच खाली नेला तर जहाज कललं की झटक्याने परत येतं, आणि त्या झटक्याने माणसं फेकली जातात, हाडं मोडतात. म्हणून क्रूझ जहाज मुद्दाम थोडं सैल ठेवतात. ते सावकाश डोलतं. एक डोल पूर्ण व्हायला पंधरा-वीस सेकंद लागतात. हा डोल आणखी कमी करायला पाण्याखाली दोन्ही अंगांना विमानासारखे पंख असतात. ते उलटसुलट फिरून कलणाऱ्या बाजूला उचलून धरतात. पण पंखांचा जोर वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. वेग निम्मा झाला की जोर चौथाई, आणि जहाज थांबलं की जवळजवळ शून्य. ‘व्हायकिंग स्काय’वरचं फर्निचर दुपारी दोननंतर एवढं का नाचू लागलं, त्याचं एक कारण हे.

बोट लागते ती मात्र या डोलण्याने कमी आणि वर-खाली होण्याने जास्त. साधारण पाच सेकंदांत एकदा वर-खाली होणारी हालचाल माणसाच्या कानातल्या तोलाच्या यंत्रणेला सर्वांत जास्त छळते, असं प्रयोगांत दिसलं आहे. तेव्हा तिकीट काढताना नाळेकडची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडची, वरच्या मजल्यावरची महागडी खोली घेण्याआधी विचार करा. सर्वांत कमी हालचाल जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर असते, आणि ती खोली स्वस्तही पडते!

आता समुद्राकडे. ‘लाटा नऊ मीटरच्या’ याचा अर्थ प्रत्येक लाट नऊ मीटरची असा नसतो. सागरविज्ञानात जो आकडा देतात तो सर्वांत मोठ्या एकतृतीयांश लाटांच्या उंचीची सरासरी असते. एखादी लाट त्याच्या दुपटीलाही पोचते. याच नॉर्वेजवळच्या उत्तर समुद्रात १ जानेवारी १९९५ रोजी ड्राउपनर या समुद्रात उभारलेल्या फलाटावरच्या उपकरणाने २५.६ मीटरची लाट नोंदवली. त्या वेळी तो सरासरी आकडा बाराच्या आसपास होता. खलाशी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेल्या राक्षसी लाटेचा तो खणखणीत पुरावा ठरला.

हुस्टाडविकात यात आणखी एक भर पडते. दहा सेकंदांनी येणारी लाट खोल समुद्रात सुमारे १५६ मीटर लांब असते. पाण्याची खोली याच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ जाणवू लागतो. उथळात शिरत गेली की तिचा वेग घटतो, लांबी आखडते, आणि मागून येणारी ऊर्जा उंचीत जमा होऊन लाट उभट होते. हुस्टाडविकाचा तळ उथळ, आणि त्यात बुडालेल्या खडकांची गर्दी.

अशा समुद्रात कप्तानाचं मुख्य काम नाळ लाटेकडे ठेवणं. समोरून आलेली लाट जहाज चिरत जातं. आडवी आलेली लाट त्याला लोळवते. नाळ लाटेकडे ठेवायला जहाजाला पुढे ढकलणारा, पाण्यातला पंखा फिरायला हवा. आधुनिक क्रूझवर पंखे विजेच्या मोटरींवर फिरतात आणि ती वीज डिझेल जनरेटर तयार करतात. थोडक्यात, सगळा जीव जनरेटरांत. नांगर होते. ते टाकलेही, पण लागलीच पकडले नाहीत. नांगर असतो तो आडोशाच्या बंदरात उभं जहाज धरून ठेवायला. वादळात वाहत चाललेलं अजस्र धूड अडवायला तो केलेलाच नसतो.

मग जनरेटर बंद का पडले? ‘व्हायकिंग स्काय’वर चार होते. त्यांतला एक आधीपासूनच नादुरुस्त होता. उरलेल्या तिघांच्या वंगणतेलाच्या टाक्या २८ ते ४० टक्केच भरलेल्या होत्या. इंजिन बनवणाऱ्यांनी सुचवलेली पातळी होती ६८ ते ७५ टक्के. शांत समुद्रात हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण ग्लास तिरका केला की तळाशी उरलेल्या सरबताऐवजी स्ट्रॉमध्ये हवाच येते. टाकीतलं थोडकं तेल हिंदकळू लागलं आणि पंप हवा ओढू लागले. तेलाचा दाब घसरला, आणि इंजिनं स्वतःला वाचवायला आपोआप बंद झाली. यंत्रणेने चूक केलीच नाही. तेलाविना फिरलं असतं तर इंजिन जळालं असतं. फक्त इंजिन वाचवताना जहाज वाचणार का, हा प्रश्न त्या स्वयंचलित व्यवस्थेत कुठे नव्हता.

वीज गेल्यावर पहिल्या दहा सेकंदांत इंजिनकक्षात सुमारे हजार इशारे वाजले. त्या कोलाहलात खरा रोग शोधून, टाक्यांत तेल ओतून जहाजाला पुढे सरकण्याइतका जोर यायला ३९ मिनिटं लागली. तोवर जहाज खडकांपासून स्वतःच्या लांबीएवढ्या अंतरापर्यंत वाहत गेलं होतं.

जीवरक्षक होड्या त्या समुद्रात उतरवणं अशक्य होतं. म्हणून हेलिकॉप्टर आली आणि एकेकाला दोरीने उचलत दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ४७९ प्रवासी किनाऱ्यावर पोचवले. मधेच मदतीला निघालेल्या एका मालवाहू बोटीचंही इंजिन बंद पडलं, आणि तिच्यावरच्या नऊ खलाशांनाही याच हेलिकॉप्टरांनी वाचवलं. उरलेल्या ८९४ जणांना घेऊन ‘व्हायकिंग स्काय’ २४ मार्चला दुपारी मोल्डे बंदराला लागलं. एकही जीव गेला नाही.

एक जनरेटर नादुरुस्त असताना या जहाजाने ट्रॉम्सो सोडायलाच नको होतं, असं नॉर्वेच्या तपास यंत्रणेने २०२४ च्या अंतिम अहवालात म्हटलं. नॉर्वेच्या सागरी प्रशासनाने मात्र पाच वर्षं वाट पाहिली नव्हती. घटनेला आठवडा व्हायच्या आतच त्याने सगळ्या जहाज कंपन्यांना कळवलं होतं, की खराब हवामान अपेक्षित असेल तेव्हा इंजिनांना वंगणतेल अखंड मिळत राहील याची आधी खातरजमा करा.