अंजन गवताचे २४ दिवस

धुळ्याहून मालेगावच्या रस्त्याला लागलं की लळिंगचा किल्ला दिसतो. त्या बाजूच्या मुरमाड माळावर मे महिन्यात अंजन गवताचा ठोंब हातात धरून पाहा. काड्या कडाकड मोडतात, तळाशी राखाडी बुंधा उरतो. गवत मेलंय असंच वाटतं. मृगाचा पहिला सडाका येऊन गेला तरी ते हलत नाही. दोन-तीन पाऊस लागोपाठ झाले की मात्र त्याच बुंध्यातून पोपटी फुटवे वर येतात.

किती पावसानं हे गवत जागं होतं? अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात हा हिशेब आकड्यांत मांडलाय.

तिथं टक्सन शहराच्या दोन्ही अंगांना सग्वारो राष्ट्रीय उद्यान आहे. सग्वारो म्हणजे दीडशे वर्षं जगणारा, तीन-चार मजली उंचीचा निवडुंग. आपलं हेच गवत १९३०च्या दशकात चाऱ्यासाठी आणि मातीची धूप थांबवायला तिकडे नेलं गेलं आणि रानोमाळ पसरलं. वाळवंटात झुडपाझुडपांत उघडी जमीन असते, त्यामुळे आग पुढे सरकत नाही. या गवतानं ती मोकळी जागा भरून टाकली आणि वणव्याला वाट करून दिली. सग्वारोला आग सोसत नाही.

म्हणून उद्यानाची माणसं ते पहारीनं उपटतात, नाहीतर तणनाशक फवारतात. पण औषध हिरव्या पानातूनच मुळापर्यंत उतरतं. वाळल्या काडीवर फवारलेलं वाया जातं. हिरवेपणाचे दिवस मोजके, उतार दुर्गम. त्यामुळे तिथं पावसाची चालती बेरीज ठेवतात: मागच्या २४ दिवसांत मिळून सुमारे ४३ मिलिमीटर पाऊस झाला की गवत फवारण्याइतकं हिरवं होणार. रोज आजचा पाऊस मिळवायचा, पंचविसाव्या दिवसाचा वजा करायचा. वर्षाची सरासरी इथं काही कामाची नाही.

शहरातला आकडाही पुरत नाही, कारण वाळवंटातला पाऊस एका टेकडीवर पडतो नि दुसरी कोरडी ठेवतो. खान्देशी माणसाला हे नवं नाही. शिरपूरहून साक्रीला फोन लागला की पहिला प्रश्न असतो, "तठे पानी पडनं का?"

आपल्याकडे हे गवत शत्रू नाही, गुरांचा घास आहे. मला वाटतं, तीच बेरीज आपल्या कुरणांत उलट्या कामासाठी वापरायला हवी: गुरं कधी सोडायची ते ठरवायला. फुटवा येताच चराई झाली तर मुळांतला साठा खर्ची पडतो आणि ठोंब खुरटतो. अर्थात ४३चा आकडा जसाच्या तसा उचलून चालणार नाही. आपली माती वेगळी, जूनचं ऊन वेगळं, पाऊसही टक्सनच्या जवळपास दुप्पट.

आपला आकडा आपल्यालाच काढावा लागेल आणि त्याला खर्च फारसा नाही. कुरणाच्या मध्यावर, झाडाच्या आडोशापासून दूर एक पर्जन्यमापक हवा. सरळ भिंतीचा डबा आणि फूटपट्टी घेतली तरी सुरुवात होते. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर पाणी. रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्याच वेळेला, आकडा वहीत टिपायचा. शेजारी आणखी एक रकाना: गवत कोरडं, फुटलेलं की हिरवं. यंदाच्या मृगापासून सुरू केलं तर दोन-तीन पावसाळ्यांत त्या वहीत आपल्या कुरणाचा आकडा दिसू लागेल.