सडा उजाड नसतो, आपण चुकीच्या महिन्यात जातो

‘सड्यावर काय उगवतंय? नुसता कातळ!’ कोल्हापूर-रत्नागिरीकडे बॉक्साइटच्या खाणीचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. सरकारी दप्तरातही अशा जमिनी पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हणून लागलेल्या. मार्च-एप्रिलात गेलात तर पटेलही, काळा दगड आणि वाळकं गवत.

पण सड्यावरच्या बहुतेक वनस्पती त्या वेळी जमिनीखाली कंदाच्या किंवा बियांच्या रूपात असतात. दीपकाडी पहिल्या पावसाबरोबर फुलते नि थोड्याच दिवसांत दिसेनाशी होते. मग ओल्या कातळावर सीतेची आसवं, गेंद, कीटक खाणारी दवबिंदू आणि पुढे सोनकी. साताऱ्याचं कास हे असंच जांभ्याचं पठार, 2012पासून जागतिक वारशात.

गोम अशी, की खाणीच्या पर्यावरण अहवालासाठी साधारणपणे एकाच ऋतूची माहिती मागतात, तीही पावसाळा सोडून! हवेतली धूळ मोजायला ते ठीक. फुलांच्या बाबतीत मात्र शाळेला सुट्टी असताना पट मोजण्यासारखं.

नीट पाहणी करायची तर जून ते ऑक्टोबर पुन्हापुन्हा जावं लागतं. उघडा कातळ, उथळ खळगे, पाण्याची डबकी, मातीचा पातळ थर, कडेची झुडपं या प्रत्येक जागी मीटरभराची चौकट टाकून आतली रोपं मोजायची. कारण वस्ती जागेगणिक बदलते. दोन पावलांवर वेगळीच मंडळी. नुसती झाडं मोजली तर आकडा शून्याजवळच येणार, आणि ‘उजाड’ शिक्का बसतो तो तिथेच.